बुडालेल्या मुलाला आधी श्वास हवा

विहिरीतून किंवा शेततळ्यातून बाहेर काढलेले मूल निपचित पडले असेल, तर त्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची धडपड आपल्याकडे अजूनही होते. तिने जीव वाचत नाही. उलट पोटातले पाणी आणि अन्न घशात येऊन श्वासमार्गात उतरण्याचा धोका वाढतो आणि मोलाची मिनिटे जातात.

मोठ्या माणसाचे हृदय हृदयविकाराने अचानक थांबते तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू असतो, म्हणून नुसती छाती दाबणेही उपयोगी ठरते. मुलांमध्ये मात्र बहुधा आधी श्वास थांबतो, प्राणवायू संपत जातो, ठोके मंदावतात आणि मग हृदय बंद पडते. प्राणवायू संपलेले रक्त नुसते फिरवून मेंदूला काय मिळणार? म्हणून त्याला आपल्या तोंडाने श्वास द्यावा लागतो. आपल्या उच्छ्वासात सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो आणि तेवढा पुरतो, हे जेम्स एलम आणि पीटर सफार या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले.

मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा केवळ अधूनमधून आचके देत असेल, तर १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकर सुरू ठेवावा आणि मुलाला उताणे झोपवावे. हनुवटी उचलून डोके किंचित मागे करावे. वर्षाच्या आतील बाळाचे डोके मात्र सरळच ठेवावे, कारण मान फार मागे गेली तर त्याचा मऊ श्वासमार्ग दबतो. बाळाचे नाक व तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे. मोठ्या मुलाचे नाक चिमटीत धरून फक्त तोंड झाकावे. सुमारे एक सेकंद, छाती उचललेली दिसेल इतकीच फुंकर घालावी. जोर केला तर हवा पोटात जाते आणि उलटी होऊ शकते. छाती उचललीच नाही, तर डोक्याची स्थिती सुधारून पुन्हा फुंकावे.

सुरुवातीला युरोपात पाच, अमेरिकेत दोन श्वास सांगतात. मग छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबावा. ३० दाबांनंतर दोन श्वास. श्वास देणे जमत नसेल, तर निदान दाब थांबवू नयेत. शेततळी असलेल्या गावांत अंगणवाडी सेविकांना आणि शिक्षकांना हे पुतळ्यावर प्रत्यक्ष शिकवायलाच हवे, असे मला कळकळीने वाटते.

मूल श्वास घेऊ लागले, तर त्याला कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून ऊब द्यावी आणि ते बरे दिसत असले तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांचा त्रास पुढच्या काही तासांतही वाढू शकतो.