प्रश्न विचारणे आणि अविश्वास बाळगणे

धर्माच्या किंवा सरकारच्या एखाद्या दाव्याला कोणी ‘कशावरून?’ असे विचारले की त्याच्यावर नास्तिक किंवा द्रोही असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. दुसरीकडे, कोणतेही उत्तर मानायचेच नाही असे आधीच ठरवून बसलेला माणूसही स्वतःला चिकित्सक म्हणवतो. दोघांच्याही तोंडी प्रश्नच असल्यामुळे फरक चटकन लक्षात येत नाही. तो उत्तर मिळाल्यावर उघड होतो. कोणत्या पुराव्याने आपले समाधान होईल हे चिकित्सा करणाऱ्याला सांगता येते आणि तो पुरावा समोर आला तर मत बदलण्याची त्याची तयारी असते. अविश्वास बाळगणाऱ्याला मात्र दिलेला पुरावा बनावट वाटतो आणि न दिलेला दडवलेला वाटतो.

अमेरिकेतील टस्कीगी प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९३२ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला, त्यांतील ३९९ जणांना उपदंश (सिफिलिस) हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग झालेला होता. तुमच्या रक्तदोषावर उपचार चालू आहेत, असे त्यांना सांगितले जाई. प्रत्यक्षात उपचाराविना रोग कसा वाढत जातो याची नोंद घेतली जात होती. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध हाती आल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. याच सेवेत नोकरीला असलेल्या पीटर बक्स्टन यांनी १९६६ मध्ये वरिष्ठांकडे लेखी हरकत नोंदवली आणि ती फेटाळली गेल्यावर १९६८ मध्ये पुन्हा नोंदवली. दोन्ही वेळा काही घडले नाही, तेव्हा त्यांनी ही माहिती पत्रकारांपर्यंत पोहोचवली आणि १९७२ मध्ये बातमी छापून आल्यावर अभ्यास थांबला. १९७४ मध्ये मानवावरील संशोधनासाठी कायदा झाला. बक्स्टन यांचा प्रश्न नेमका होता, जबाबदार अधिकाऱ्यांना विचारलेला होता आणि त्याचे उत्तर देणे शक्य होते. त्यांना अविश्वास बाळगणारे ठरवणे हा मला घोर अन्याय वाटतो, कारण यंत्रणा सुधारू शकते असे गृहीत धरल्याशिवाय कोणी तिलाच दोनदा लिहीत नाही.

धर्माच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी हवी. ईश्वर आहे की नाही, हे प्रयोगशाळेत किंवा हिशेबवहीत तपासता येत नाही. परंतु एखादी वस्तू किती जुनी आहे, दानाचा पैसा कुठे गेला, धर्मगुरूचे वर्तन कसे होते, हे सर्व तपासता येते. येशूचे कफन म्हणून पूजल्या जाणाऱ्या इटलीतील तुरिनच्या वस्त्राचे तुकडे कॅथलिक चर्चच्याच परवानगीने ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना येथील प्रयोगशाळांना देण्यात आले आणि १९८८ मध्ये त्यांनी ते वस्त्र १२६० ते १३९० या काळातील असल्याचे सांगितले. या निष्कर्षावर वाद झाले, तरी भाविकांची श्रद्धा त्या परीक्षेमुळे संपली नाही. त्याच चर्चमध्ये १५८७ पासून, एखाद्याला संत घोषित करण्यापूर्वी त्याच्याविरुद्धचे मुद्दे मांडण्यासाठी एक अधिकृत पद होते. १९८३ मध्ये त्याचे अधिकार कमी करण्यात आले. म्हणजे शंका उपस्थित करणे हे जवळपास चार शतके त्या धर्मसंस्थेचे स्वतःचेच काम होते.

सरकारच्या बाबतीत असा न तपासता येणारा कोपरा जवळजवळ नसतो. स्वीडनने १७६६ मध्येच सरकारी कागदपत्रे पाहण्याचा अधिकार नागरिकांना कायद्याने दिला होता. म्हणून सत्ताधाऱ्याने ‘माझ्यावर श्रद्धा ठेवा’ असे म्हणणे मला धर्मगुरूने तसे म्हणण्याहून अधिक गैर वाटते.

अविश्वास हा नेहमीच हटवादीपणा असतो, असे मात्र समजू नये. टस्कीगीतील कुटुंबांनी नंतर सरकारी डॉक्टरकडे जाताना पाऊल मागे घेतले असेल, तर तो पूर्वग्रह नव्हता, चाळीस वर्षांच्या फसवणुकीतून निघालेला निष्कर्ष होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांची जाहीर माफी मागितली ती १९९७ मध्ये. तोवर त्या ६०० पुरुषांपैकी मोजकेच हयात होते.