एसएसबीच्या मनोवैज्ञानिक चाचण्यांची पार्श्वभूमी

खडकवासल्याच्या एनडीएत किंवा डेहराडूनच्या लष्करी अकादमीत जाऊ पाहणाऱ्या उमेदवाराने लेखी परीक्षा पार केली, की त्याला प्रयागराज (अलाहाबाद), भोपाळ, बंगळुरू, कपूरथळा अशा एखाद्या ठिकाणी सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे, पाच दिवस काढावे लागतात. पहिल्या दिवशीच्या छाननीत टिकलेल्यांना एकेक चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. मग पंधरा-पंधरा सेकंदांनी समोर येणाऱ्या साठ शब्दांवर वाक्ये लिहायची, अर्ध्या तासात साठ प्रसंगांत आपण काय करू ते लिहायचे आणि अखेरीस स्वतःचे वर्णन करायचे. त्याखेरीज मैदानावरची गटकामे आणि दीर्घ मुलाखत असते. क्लासच्या भाषेत चित्रांच्या चाचणीला टॅट, शब्दांच्या चाचणीला वॅट, प्रसंगांच्या चाचणीला एसआरटी आणि गटकामांना जीटीओ म्हणतात. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेगळ्या देशातून आणि वेगळ्या गरजेपोटी आलेली आहे. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत आधी आणि मोजमापाची साधने नंतर, असा पाठ्यपुस्तकातला क्रम प्रत्यक्षात फारसा आढळत नाही.

या पद्धतीचा सांगाडा जर्मन आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे लष्कर एक लाखावर आणि अधिकाऱ्यांची संख्या चार हजारांवर आणून ठेवली, तेव्हा थोडक्याच जागांसाठी माणूस पारखून घेणे भाग पडले. मॅक्स सिमोनाइट या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिथे जी पद्धत रुळली, तिचा भर गुणांच्या बेरजेवर नव्हता. उमेदवाराला निरनिराळ्या कामांत घालून, तो सैनिकांना आज्ञा कशी देतो, दमल्यावर कसा वागतो, हे अनेक निरीक्षकांनी पाहायचे आणि मग सगळा माणूस एकत्र तोलायचा, अशी ती रीत होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये अधिकाऱ्यांची निवड प्रामुख्याने छोट्या मुलाखतीवर चाले आणि तीत घराणे व शाळा यांना नको इतके वजन असे. निवडलेले बरेच जण प्रशिक्षणातच नापास होऊ लागले. स्कॉटलंडच्या लष्करी विभागाचे प्रमुख जनरल अँड्र्यू थॉर्न हे पूर्वी बर्लिनमध्ये लष्करी प्रतिनिधी होते आणि त्यांना जर्मन पद्धत ठाऊक होती. त्यांच्या पाठबळावर एडिंबरामध्ये प्रयोग झाले आणि 1942 साली नवी निवड मंडळे उभी राहिली. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मन लष्कराने आपला मानसशास्त्र विभाग गुंडाळला.

ब्रिटिशांनी जर्मन सांगाड्यात दोन मोलाच्या गोष्टी घातल्या. एक मनोविश्लेषक विल्फ्रेड बायन यांची. गटाला काम द्यायचे, पण नेता नेमायचा नाही. आपली निवड व्हावी ही प्रत्येकाची धडपड आणि काम मात्र सगळ्यांनी मिळूनच पार पाडायचे, या ओढाताणीत माणूस दुसऱ्याला किती जागा देतो, हे बायन यांना पाहायचे होते. एसएसबीत फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन अडथळे ओलांडणारे गट आजही पाहिले, तर कोणाचा आवाज मोठा यापेक्षा दुसऱ्याची सूचना कोण उचलून धरतो याची नोंद होत असते, ती यामुळेच.

दुसरी भर लेखी चाचण्यांची होती आणि तिचे मूळ आणखी मागे जाते. शब्द ऐकताच मनात काय येते, हा प्रयोग ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1879च्या सुमारास स्वतःवरच केला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी शंभर शब्दांची यादी आणि हातात घड्याळ घेऊन त्याची रीतसर चाचणी बनवली. त्यांच्या दृष्टीने उत्तराइतकीच महत्त्वाची होती ती उत्तराआधीची अडखळ, कारण तिथे मनातली दुखरी गाठ असते. एसएसबीत मात्र वेळ सर्वांना सारखाच असतो आणि पाहिला जातो तो वाक्यातला आशय. म्हणजे साधन तेच राहिले आणि त्यामागचा तर्क बदलला.

चित्रांची चाचणी हार्वर्डच्या मानसशास्त्रीय चिकित्सालयात हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी 1935 साली मांडली. संदिग्ध चित्रावर गोष्ट रचताना माणूस नकळत स्वतःच्या गरजा नायकाच्या तोंडी घालतो, हे तिचे गृहीतक होते. मरे यांचा सिद्धांतच गरजांचा होता. काही साधण्याची, माणसे जोडण्याची, वर्चस्वाची अशा गरजांची यादी त्यांनी केली होती. त्यांच्या चित्रसंचात एक कार्ड मुद्दाम कोरे ठेवलेले आहे, कारण तिथे चित्राचाही आधार मिळत नाही. एकाच व्यक्तीला अनेकांनी वेगवेगळ्या मार्गांनी तपासून मग एकत्र बसून निष्कर्ष काढायचा, ही त्यांची रीत एसएसबीच्या शेवटच्या दिवशीच्या बैठकीशी चांगलीच मिळतीजुळती आहे.

भारतात असे पहिले मंडळ 1943 साली डेहराडूनला प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर 1949 साली संरक्षण खात्यात मानसशास्त्रीय संशोधनाची शाखा निघाली. तिचीच पुढे दिल्लीतली संरक्षण मानसशास्त्र संशोधन संस्था झाली. मानसशास्त्रज्ञ, मुलाखतकार आणि गटकामांचा अधिकारी या तिघांच्या स्वतंत्र पारखणीला इथे ‘मनसा, वाचा, कर्मणा’ असे नाव मिळाले. परक्या पद्धतीला ते नेमके बसले आहे.

दरम्यान विद्यापीठीय मानसशास्त्र दुसऱ्याच, म्हणजे प्रश्नावलीच्या, वाटेने गेले. ती वाटही लष्करातूनच निघते. 1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी युद्धाच्या धक्क्याने कोलमडू शकणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून हो-नाही प्रश्नांची यादी केली, पण ती वापरात येण्याआधीच युद्ध संपले. 1936 साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसांमधले भेद सांगणारे 17,953 शब्द वेचले. कॅटेल यांनी त्यांतून घटक विश्लेषणाने, म्हणजे एकत्र आढळणारे गुण गणिताने एकेका गटात बांधून, सोळा घटक काढले, आणि 1961 साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना पुन्हा पुन्हा पाचच घटक मिळाले. आजचे पंचघटक प्रारूप त्याच परंपरेतले आहे. प्रश्नावलीची विश्वसनीयता आकड्यांत मांडता येते. चित्रावरच्या गोष्टींची तशी सहजी मांडता येत नाही, म्हणून प्रक्षेपण चाचण्यांवरचा, म्हणजे संदिग्ध चित्र किंवा शब्दावरच्या प्रतिसादातून मन वाचू पाहणाऱ्या चाचण्यांवरचा, संशोधकांचा विश्वास ओसरला.

पण प्रश्नावलीची बाजूही निर्वेध नव्हती. 1968 साली मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी दाखवून दिले, की चाचणीत दिसणारा गुण आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वर्तन यांचा सहसंबंध सहसा 0.30 च्या पुढे जात नाही (पूर्ण मेळ असेल तर तो 1 येतो). प्रसंग बदलला की माणूस बदलतो, हा त्यांचा मुद्दा होता. माझ्या मते एसएसबीतली मैदानी कामे या टीकेपुढे लेखी भागापेक्षा अधिक टिकतात, कारण तिथे निदान वर्तन डोळ्यांसमोर घडते. लेखी भागाची खरी अडचण वेगळी आहे. आपल्या लिखाणातून काय शोधले जाणार आहे हे उमेदवाराला ठाऊक नसावे, यावर प्रक्षेपण चाचणीची सारी मदार असते, आणि आज कोणत्याही क्लासमध्ये अधिकाऱ्यात अपेक्षित असलेल्या पंधरा गुणांची यादी पहिल्याच आठवड्यात हाती पडते. नायकाने पूर येताच गाव वाचवल्याच्या गोष्टी त्यामुळे ढिगाने लिहिल्या जातात. मानसशास्त्रज्ञाला अशा गोष्टी उमेदवाराने भरलेल्या माहितीशी, त्याच्या स्ववर्णनाशी आणि इतर दोघांच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात.