जर्मन ड्रॉइंगवरच्या फिनिशच्या टिपा : आम्ही पूर्ण शीट का मागतो

आम्ही यंत्रभागांच्या जर्मन ड्रॉइंगचं इंग्रजीत भाषांतर करतो. फिनिशच्या, म्हणजे पृष्ठभाग कसा हवा हे सांगणाऱ्या टिपा एक्सेलमध्ये टाइप करून ‘एवढे वीस शब्द इंग्रजीत करून द्या’ अशी मेल येते. आम्ही शीट मागतो, ती शोधण्यात दोन दिवस जातात, आणि उशीर आमच्या नावावर लागतो. शब्द सोपेच असतात हो. पण टिपेचा बाण कुठल्या पृष्ठभागावर टेकलाय, त्यावर अर्थ ठरतो.

‘ड्रालफ्राय’ घ्या. म्हणजे पीळ नसलेला. शाफ्टवर तेल अडवणारं ऑइल सील बसतं, तिथे ही टीप असते. ग्राइंडिंगला चाक लांबीच्या दिशेने सरकलं की स्क्रूच्या आट्यांसारखी अतिबारीक रेघ उरते. शाफ्ट फिरला की ती पंपासारखं तेल सीलखालून बाहेर ढकलते. उलट फिरला तर सीलची कड कोरडी पडते. आरए (खडबडीतपणाची सरासरी) बरोबर, सील नवं, तरी गळती. इंग्रजीत यासाठी ‘लीड-फ्री’ रूढ आहे; इथे लीड म्हणजे आट्यांचा पीळ, पण स्पेलिंग शिशाचंच. मग परचेस शिसेमुक्तीचा दाखला मागवतं आणि ग्राइंडिंग होतं तसंच राहतं. आम्ही ‘ट्विस्ट-फ्री’ लिहितो. प्लंज ग्राइंडिंग (चाक लांबीत न सरकवता सरळ आत नेणं) ड्रॉइंगवर सांगितलं असेल तरच लिहितो, मनाने घालत नाही.

‘ब्लांक’ इंग्रजी समजून तसाच सोडलेलाही दिसतो. तो चकचकीत, स्केल (तापवल्याने येणारी काळी पापडी) नसलेला पृष्ठभाग.

जुन्या शीटवर फिनिशसाठी नुसते त्रिकोण असतात. डीआयएन 3141 या जर्मन मानकात आकड्यांच्या वेगवेगळ्या मालिका होत्या; दोन त्रिकोण म्हणजे मालिका 2 मध्ये खडबडीतपणाची खोली 25 मायक्रॉन, मालिका 4 मध्ये 10. मालिका टायटल ब्लॉकजवळ (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीजवळ) लिहिलेली असते आणि क्रॉप करताना नेमकी तीच कापली जाते.

आरझेड हे खडबडीतपणाचं दुसरं माप. ‘आरझेडचं आरए करून द्या’ हे मात्र आम्ही करत नाही. चारने भागायचा हिशेब टर्निंगला साधारण जुळतो, ग्राइंडिंगला तफावत बरीच पडते. शिवाय जुन्या जपानी मानकात आरझेड म्हणजे दहा बिंदूंची उंची होती. जर्मन आरझेड पाच सलग लांब्यांतल्या शिखर-दरी उंचीची सरासरी. म्हणून चिन्ह आणि आकडा तसाच ठेवून खाली मानकाचा क्रमांक देतो. फक्त 6,3 मधला स्वल्पविराम बिंदू करतो, नाहीतर कोणीतरी 63 वाचतंच.

तेव्हा टायटल ब्लॉकसह पूर्ण पीडीएफ पाठवा. ग्राहकाचं नाव झाकलं तरी चालेल. भाषांतरासोबत शंकांची यादी येते, ती तशीच जर्मनीला पाठवता येईल अशा जर्मनमध्ये. तिचे वेगळे पैसे नाहीत.