पहिलं पाऊल व्हिसा देणाऱ्या देशातच? तसं काही नाही

वाशीची माझी मैत्रीण व्हिएन्नातल्या परिषदेला निघालीय. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमार्गे मिळालेलं स्वस्त तिकीट ती रद्द करायला निघाली होती. का, तर ‘व्हिसा ऑस्ट्रियाचा, म्हणजे आधी ऑस्ट्रियातच उतरायला हवं.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा समज साफ चुकीचा आहे. अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा. पण नेहमीच्या शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या 29 देशांच्या सामाईक व्हिसावर, त्यांपैकी कुठल्याही देशातून आत जाता येतं. स्टिकरवरची ‘कुठे वैध’ ही ओळ मात्र नीट वाचा. तिथे मोजकेच देश असतील तर तेवढेच.

तिचं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होईल. म्हणून निमंत्रणपत्र, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, किमान 30,000 युरोच्या विम्याची प्रत हातातल्या बॅगेतच हवी. व्हिसा असला तरी अधिकारी ही कागदपत्रं मागू शकतो.