सर्वसमावेशक विज्ञानसंवाद

सर्वसमावेशक विज्ञानसंवाद : वैज्ञानिक माहिती, तिच्यामागची पद्धत आणि तिच्यातली अनिश्चितता लोकांपर्यंत नेण्याची, तसेच लोकांकडचे ज्ञान, शंका व गरजा संशोधकांपर्यंत आणण्याची पद्धत. भाषा, वय, शिक्षण, अपंगत्व, उत्पन्न किंवा राहण्याचे ठिकाण यांमुळे कोणी बाहेर राहू नये, ही तिची अट. व्याख्येचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे लोकांकडून संशोधकांपर्यंत आणणे, सहसा विसरला जातो आणि उपक्रम फसतात तेही बहुधा तिथेच. आधी अवघड मजकूर तयार करायचा आणि मग तो ‘सोपा’ करून वाटायचा, ही रीत या पद्धतीत बसत नाही. कोणाशी बोलायचे हे ठरवून, त्यांच्यातल्या काहींना विचारून, मगच काय सांगायचे ते ठरवावे लागते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांच्या पुढाकाराने १८२५ मध्ये मुलांसाठी नाताळातली व्याख्याने सुरू झाली आणि प्रयोग दाखवत बोलण्याची परंपरा रुजली. १९८५ मध्ये रॉयल सोसायटीच्या समितीने वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली दिलेल्या अहवालात, लोकांशी बोलणे हे शास्त्रज्ञांचे कर्तव्यच आहे असे बजावले. मात्र त्या काळच्या विचारामागे एक गृहीतक होते : लोकांना माहिती कमी, म्हणून त्यांचा विश्वास कमी, माहिती पुरवली की प्रश्न मिटला. यालाच पुढे उणिवेचे प्रतिमान असे नाव मिळाले. २००० साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने एकतर्फी सांगण्याऐवजी संवादावर भर दिला. हा बदल का गरजेचा होता, हे इंग्लंडमधल्या कंब्रियातील मेंढपाळांच्या अनुभवातून फार स्पष्ट दिसते.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली आणि मे महिन्यातल्या पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम कंब्रियाच्या डोंगरकुरणांवर उतरले. जूनमध्ये मेंढ्यांची ने-आण आणि कत्तल यांवर बंदी आली; ती तीन आठवड्यांत उठेल असे तज्ज्ञांनी सांगितले. प्रत्यक्षात तिथले शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले. तज्ज्ञांचा अंदाज चिकणमातीच्या जमिनीवर बेतलेला होता. तशा मातीत सीझियम घट्ट धरून ठेवले जाते आणि गवतात फारसे शिरत नाही. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी आणि पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, होती. तिथे सीझियम मोकळेच राहिले, पुन्हा पुन्हा गवतात आणि गवतातून मेंढ्यांत जात राहिले. मेंढ्या दरीतल्या कुरणांत ठेवा, असा सल्ला देणाऱ्यांना तिथला चारा किती तुटपुंजा असतो याचा अंदाज नव्हता. कुंपणात कोंडलेल्या मेंढ्या खंगतील, असे मेंढपाळ आधीच सांगत होते. कुंपण घालून मांडलेला एक प्रयोग पुढे सोडून द्यावा लागला. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. मेंढपाळांना किरणोत्सार कळत नव्हता, हे खरे. पण तज्ज्ञांना ती जमीन आणि मेंढ्या कळत नव्हत्या, आणि विचारावे असे त्यांना वाटले नाही. तज्ज्ञांनी खात्रीने सांगितलेली मुदत खोटी ठरल्यावर पुढच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडाला.

आधीची तयारी. कार्यक्रमाच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी त्या समाजातल्या पाच-सहा जणांशी बोलणी सुरू करावीत. ते सगळे पुढारी नसावेत. परिचारिका, शिक्षिका, दुकानदार, एखादी आजी, एखादा किशोरवयीन मुलगा अशी सरमिसळ असेल तर बरे. काय सांगायचे हे ठरायच्या आत ही भेट व्हायला हवी. छापून आलेल्या पत्रकावर ‘कसे वाटले?’ असे विचारले, तर लोक शिष्टाचार म्हणून ‘छान’ म्हणतात आणि विषय संपतो. त्यांच्या वेळेचा मोबदलाही द्यावा. वक्त्याला मानधन आणि स्थानिक सल्लागाराला आभाराचे पत्र, यातून कोणाच्या ज्ञानाला किंमत आहे ते न बोलताही कळते.

ज्या समाजाला संशोधनाच्या नावाखाली फसवले गेले आहे, तिथे अविश्वासाला कारण असते. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. असा इतिहास असेल तर त्याचा उल्लेख आपणहून, सुरुवातीलाच करावा. तो टाळून लसीचे फायदे सांगत बसणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

संदेशातला एखादा चुकीचा शब्दही जिवावर बेतू शकतो. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा सुरुवातीच्या प्रचारात ‘या रोगावर औषध नाही’ हे ठळकपणे सांगितले जात होते. सावध करणे हा हेतू होता, पण ऐकणाऱ्यांनी सरळ अर्थ काढला : औषधच नाही, तर माणसाला परक्यांच्या हवाली का करायचे? रुग्ण घरात लपवले गेले. मृतदेहाला स्नान घालण्याच्या प्रथेतून संसर्ग पसरत होता, तरी नुसत्या मनाईने ती थांबली नाही. नातेवाइकांना दुरून उपस्थित राहता येईल, प्रार्थना करता येईल अशी ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफना’ची पद्धत धर्मगुरूंच्या मदतीने बसवल्यावर विरोध ओसरू लागला.

शब्द. परिभाषा कठीण असते ही तक्रार नेहमीची. त्याहून घातक असतात ते ओळखीचे वाटणारे शब्द, कारण तिथे ऐकणारा अडखळत नाही. तो चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. ‘घरात कार्य आहे’ म्हणणाऱ्याला भौतिकशास्त्रातले ‘कार्य’ म्हणजे बल गुणिले विस्थापन हे सुचणार नाही. ‘अंगात शक्ती नाही’ यातली शक्ती ही शास्त्राच्या भाषेत ऊर्जेच्या जवळची. शास्त्रातली ‘शक्ती’ म्हणजे कार्य होण्याचा दर. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली हे ऐकून कोणाला हायसे वाटले, तर चूक त्याची नाही.

प्रतिजैविकांचे उदाहरण घेऊ. ‘विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत’ हे वाक्य बरोबर आहे, पण बोलीत जिवाणू आणि विषाणू दोघांनाही ‘जंतू’च म्हणतात. मग जंतू मारायची गोळी जंतूंवर चालत नाही, असे काहीतरी ऐकू येते. त्याऐवजी ‘सर्दी-फ्लूचे जंतू वेगळ्या प्रकारचे असतात, या गोळीने ते मरत नाहीत, उगाच घेतली तर दुसरे जंतू गोळीला सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा ती लागू पडत नाही’ एवढे म्हटले तरी गाडी पुढे सरकते. विषाणू हा शब्द त्यानंतर द्यावा, कारण औषधाच्या दुकानात आणि बातम्यांत तो भेटणारच आहे.

मजकूर कळतो की नाही हे तपासायला पाच-सहा जण पुरतात. प्रत्येकाला एकट्याने वाचू किंवा ऐकू द्यावे. ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर ‘हो’च येते. ‘घरी गेल्यावर शेजारच्यांना हे कसं सांगाल?’ असे विचारावे आणि ते जे शब्द वापरतील ते टिपून घ्यावेत. दोघे-तिघे एकाच जागी अडखळले तर ते वाक्य बदलावे. भाषांतर केलेला मजकूर मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतरित करून घेतला की ‘कदाचित’चे ‘नक्की’ कुठे झाले ते सापडते.

आकडे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती? आधी ७,००० स्त्रियांत एक, आता ७,००० स्त्रियांत दोन. ही दुसरी मांडणी लोकांपर्यंत पोहोचली नाही. घाबरून अनेकींनी गोळ्या थांबवल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो, हे यातले सर्वांत दुःखद.

म्हणून धोका सांगताना मूळ आकडा आधी, वाढ नंतर. तुलना करताना छेद एकच ठेवावा : ‘२५ मध्ये एक’ आणि ‘२०० मध्ये एक’ असे लिहिले तर बऱ्याच जणांना २०० मोठे म्हणून दुसरा धोका मोठा वाटतो, ‘१,००० मध्ये ४०’ आणि ‘१,००० मध्ये ५’ लिहिल्यास हा घोटाळा होत नाही. टक्केवारी कशाची, हेही सांगावे. ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ कोणी ३० टक्के भागात, कोणी ३० टक्के वेळ पाऊस असा लावतात. २००५ मध्ये पाच शहरांत झालेल्या पाहणीत हे आढळले. ‘असे १०० दिवस असतील तर ३० दिवशी पाऊस पडतो’ म्हटले की संदिग्धता जाते.

प्रात्यक्षिके. प्रयोग दाखवला की लोक पुढे सरकतात, पण रंजक प्रयोगातून चुकीचे विज्ञानही तितक्याच सहजतेने मनात बसते. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते आणि पाणी आत चढते. ‘ऑक्सिजन जळला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते चूक आहे. ज्योत विझते तेव्हाही ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जळलेल्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार झालेली असते. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसल्यामुळे. नीट पाहिले तर ज्योत विझेपर्यंत पाणी फारसे हलत नाही. विझल्यावर झपकन चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर ते आणखी वर जाते; ऑक्सिजन तर तेवढाच असतो. म्हणून एका मेणबत्तीने सुरुवात करावी, लोकांचे अंदाज फळ्यावर लिहावेत आणि मग तीन लावून त्या अंदाजांची परीक्षा त्यांनाच घेऊ द्यावी. यात वीस मिनिटे जातात. तेवढ्या वेळात पाच चमत्कार दाखवता आले असते, पण पुराव्यावरून मत बदलणे म्हणजे काय ते या एकातच अनुभवाला येते.

ऐकू न येणारे, न दिसणारे. सांकेतिक भाषेचा दुभाषी ठेवला की काम झाले असे आयोजकांना वाटते. कर्णबधिर प्रेक्षकाला दुभाष्याकडे आणि प्रयोगाकडे एकाच वेळी पाहता येत नाही. आधी सांगावे, थांबावे, मग न बोलता करून दाखवावे, पुन्हा थांबावे. पडद्यासाठी खोलीत अंधार केला की दुभाषी दिसेनासा होतो. त्याच्यावर वेगळा दिवा हवाच. तासाभराच्या कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात, ते साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. मजकूर आणि संज्ञांची यादी त्यांना आठवडाभर आधी द्यावी. अनेक सांकेतिक भाषांत वैज्ञानिक संज्ञांना खुणाच नसतात, त्यामुळे प्रत्येक शब्द बोटांनी अक्षर-अक्षर दाखवावा लागतो आणि वक्ता तोवर पुढे गेलेला असतो.

अंधांसाठी उंचवट्याच्या आकृत्या फुगणाऱ्या कागदावर करता येतात : काळी रेघ छापून कागद तापवला की ती रेघ उचलली जाते. छापील आकृती जशीच्या तशी उचलू नये. बोटाला जवळजवळच्या दोन रेघा वेगळ्या कळायला सुमारे तीन मिलिमीटर अंतर लागते, आणि ब्रेल अक्षरे लहान करता येत नाहीत. पेशीची आकृती असेल तर एका कागदावर फक्त बाह्यरेषा व केंद्रक, बाकीचे दुसऱ्या कागदावर. आलेख तोंडी सांगताना आधी दोन्ही अक्षांवर काय आहे ते, मग रेषेचा एकंदर कल, आणि शेवटी दोन-तीन नेमके आकडे. उलट क्रमाने सांगितले तर आकडे हवेत तरंगत राहतात.

पडद्यावरच्या मजकुराला २४ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा संकेतस्थळांसाठीचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी एक रेघ सलग, दुसरी तुटक काढावी. हे सगळे इतरांनाही सोयीचे पडते, विशेषतः मागच्या रांगेला.

बैठकीची रचना. १९९८ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे डंकन डॅलस यांनी सुरू केलेला विज्ञान कट्टा जगभर पसरला. त्याची घडण साधी आहे : पडद्याविना वीस मिनिटे बोलणे, मग मध्यंतर, मग तासभर प्रश्न. वेळ वाचवण्यासाठी मध्यंतर गाळले जाते आणि तिथेच रचना मोडते. त्या पंधरा मिनिटांत लोक शेजाऱ्याशी बोलून आपला प्रश्न जुळवतात. नाहीतर पहिला हात नेहमीच्या धीट माणसाचाच वर जातो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून देण्याची सोय असावी आणि लिहिता न येणाऱ्यांचे प्रश्न मध्यंतरात फिरून कोणीतरी उतरवून घ्यावेत.

मूल्यमापन. हजेरीचा आकडा फसवा असतो, कारण जे आधीपासून येतात तेच पुन्हा येतात. कोण आले नाही आणि का, हे सुरुवातीला भेटलेल्या पाच-सहा जणांना विचारावे. उत्तरे बहुधा विज्ञानाशी संबंधित नसतात : शेवटची बस चुकते, लहान मूल कोणाकडे ठेवायचे, त्या इमारतीत शिरायला संकोच वाटतो, पायऱ्या चढवत नाहीत. महिनाभराने काही सहभागींना पुन्हा गाठून, त्यांनी ती गोष्ट कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगितली हे विचारून घ्यावे. त्यांनी विचारलेले आणि वक्त्याला उत्तर देता न आलेले प्रश्नही संशोधकांकडे पाठवावेत आणि आलेले उत्तर, ते ‘अजून माहीत नाही’ असले तरी, विचारणाऱ्यापर्यंत पोहोचवावे.