धूर कोणी मोजत नाही, बिलं मोजतात

२००२ साली जगातल्या पाचशे बड्या कंपन्यांना लंडनहून एक पत्र गेलं. पत्राखाली ३५ गुंतवणूकदार संस्थांची नावं होती. विचारणा अशी होती की, तुमच्या कारभारातून हरितगृह वायू किती बाहेर पडतात आणि हवामान बदलाचा तुमच्या धंद्याला कितपत धोका आहे? उत्तर द्यायची कायद्याची सक्ती नव्हती. पत्र पाठवणारी ‘कार्बन डिस्क्लोजर प्रोजेक्ट’, म्हणजे आजची ‘सीडीपी’, ही सरकारी यंत्रणा नव्हे. दंड करायचा अधिकार तिला तेव्हा नव्हता, आजही नाही. तिच्या पाठीशी होत्या त्या फक्त पैसे गुंतवणाऱ्यांच्या सह्या. पण सह्यांचं वजन पडलं. २०२३ मध्ये तिच्याकडे माहिती भरणाऱ्या कंपन्यांची संख्या २३ हजारांच्या पुढे गेली होती.

गुंतवणूकदारांना एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला, असं काही नाही. पोलाद कारखान्यात वीस वर्षांसाठी पैसा अडकवायचा, तर उद्या कार्बनवर कर बसला की नफ्याचं काय होईल, हे आधी कळायला हवं. युरोपात हा ‘उद्या’ उजाडलाही आहे. तिथे आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खतं अशा मालावर २०२६ पासून तो बनवताना बाहेर पडलेल्या कार्बनचा भार चढतो. भारतीय पोलादही त्यातून सुटलेलं नाही.

तर कंपनी हा आकडा काढते कसा? चिमणीवर यंत्र बसवून वायू मोजत असतील, असं आपल्याला वाटतं. काही मोठ्या वीजकेंद्रांत तसं होतंही, पण बहुतेक ठिकाणी आकडा निघतो तो बिलांच्या फायलीतून. जनरेटरसाठी वर्षभरात किती डिझेल घेतलं, कँटीनला गॅसचे किती सिलिंडर लागले, महावितरणच्या बिलात किती युनिट दिसतात, हे लिहून काढायचं आणि प्रत्येकाला एका ठरलेल्या गुणकानं गुणायचं.

हे गुणक हवेतून आलेले नाहीत. डिझेलचंच घ्या. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ते ८४० ग्रॅम आणि त्यात सुमारे ८६ टक्के कार्बन, म्हणजे ७२० ग्रॅमच्या आसपास. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनचा अणुभार १२, तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. ७२० ला ४४ नं गुणून १२ नं भागा, उत्तर २,६४० ग्रॅम येतं. एक किलोही न भरणाऱ्या डिझेलमधून अडीच किलोंहून जास्त वायू! प्रमाणित तक्त्यांत हाच गुणक २.७ किलोच्या आसपास दिलेला असतो. ग्रिडच्या विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे.

खरी गंमत एसीच्या गॅसमध्ये. अनेक एसींत भरला जाणारा आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० पट उष्णता अडकवतो. म्हणजे गळतीमुळे एक किलो गॅस पुन्हा भरावा लागला, तर हवेवर जवळपास पावणेआठशे लिटर डिझेल जाळल्याइतका बोजा पडतो. डिझेलचा हिशेब भांडारात चोख सापडतो. एसीचा गॅस मात्र देखभालीच्या ठेकेदाराच्या बिलात ‘सर्व्हिसिंग’ या एका शब्दाखाली गडप झालेला असतो. तिथे किलोंचा आकडा मागून घेणारा माणूस नसेल, तर अहवालात त्या जागी शून्य येतं आणि ते कुणाला खटकतही नाही.

हा सगळा हिशेब जगभर ‘जीएचजी प्रोटोकॉल’ नावाच्या नियमावलीनुसार होतो. तिची पहिली आवृत्ती २००१ ची. तिनं उत्सर्जनाचे तीन ‘स्कोप’ पाडले. कंपनीच्या आवारात आणि तिच्या गाड्यांत जळतं किंवा गळतं ते स्कोप १, विकत घेतलेल्या विजेमागचं स्कोप २, आणि कच्च्या मालापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत उरलेलं सगळं स्कोप ३. या तिसऱ्यातच १५ पोटप्रकार आहेत. तेल कंपन्यांचं बहुतांश उत्सर्जन गिऱ्हाईक त्यांचं तेल जाळतं तेव्हा होतं, म्हणजे स्कोप ३ मध्ये. अशी कंपनी फक्त पहिले दोन स्कोप जाहीर करून ‘आम्ही इतके टक्के घट केली’ म्हणत असेल, तर ती खोटं बोलत नाही. पण ती कशाबद्दल बोलतेय, ते बघावं लागतं. शिवाय पोलाद कारखान्याचा स्कोप १ मधला टन मोटार कंपनीच्या स्कोप ३ मध्ये पुन्हा येतो. म्हणून सगळ्या कंपन्यांची बेरीज करून जगाचं उत्सर्जन काढता येत नाही.

स्कोप २ मध्ये तर एकाच विजेचे दोन आकडे निघतात. पुण्याजवळचा एखादा कारखाना ग्रिडची वीज वापरतो. रात्री त्या विजेत कोळशाचाच वाटा मोठा. पण कंपनीनं कुठल्याशा सौर प्रकल्पाची, समजा राजस्थानातली, तेवढी युनिट सौर वीज तयार झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेतली, तर ‘बाजाराधारित’ पद्धतीनं तिचं उत्सर्जन शून्य दाखवता येतं. ‘स्थानाधारित’ पद्धतीत ते होतं तितकंच राहतं. नियमावली दोन्ही आकडे द्यायला सांगते; जाहिरातीत कुठला झळकतो, हे सांगायला नको. प्रमाणपत्रांच्या पैशातून नवे सौर प्रकल्प उभे राहतात, असा युक्तिवाद केला जातो. प्रकल्प आधीपासून चालू असेल, तर मला तो फारसा पटत नाही.

सीडीपी कंपन्यांना ‘ए’ पासून ‘डी वजा’ पर्यंत श्रेणी देते आणि माहिती मागूनही न देणाऱ्यांना ‘एफ’. इथे अनेकांची गल्लत होते. ‘ए’ म्हणजे कमी धूर नव्हे. माहिती किती नीट दिली, धोका किती ओळखला आणि त्यावर काय चाललंय, याचे ते गुण आहेत. सिमेंटची कंपनीही ‘ए’ मिळवू शकते. ‘एफ’वाल्याचं उत्सर्जन किती, हे तर सीडीपीकडे सापडतच नाही. ऐच्छिक पद्धतीचं खरं दुखणं हेच. ज्याचे आकडे बरे आहेत तो पुढे येतो, बाकीचे गप्प बसतात.

भारतात या ऐच्छिकपणातला काही भाग आता संपला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’नं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’ हा कंपनीच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल आणला. पहिलं वर्ष ऐच्छिक ठेवलं आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यात स्कोप १ आणि २ द्यावेच लागतात. स्कोप ३ मात्र ऐच्छिक रकान्यांत आहे.

हे अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कुणालाही फुकट वाचता येतात. अहवाल तत्त्वांनुसार विभागलेला असतो; उत्सर्जनाचे आकडे पर्यावरणाच्या सहाव्या तत्त्वाखाली मिळतात. आधी शेजारचा ‘उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे उत्सर्जन’ हा आकडा पाहा. मालाचे भाव वाढले की उलाढाल फुगते आणि हा आकडा आपोआप खाली येतो, कारखान्यात एक दिवा कमी लागलेला नसला तरी. त्यापेक्षा उत्पादनाच्या टनामागचा आकडा दिलेला असेल, तर तो धरावा. मग तक्त्याखालची बारीक टीप वाचा. बाहेरच्या संस्थेनं हे आकडे तपासले आहेत का, असा प्रश्न तिथे असतो. उत्तर ‘होय’ असेल तर त्या संस्थेचं नाव पुढे लिहावं लागतं.