समुपदेशनाची सुरुवात (कोल्हापूर)

मनावरचा ताण, नात्यातली कोंडी, शोक किंवा सुटत नसलेली सवय यांबद्दल प्रशिक्षित व्यक्तीशी ठरावीक वेळी, गोपनीयतेच्या हमीवर बोलणे आणि त्यातून वागण्याच्या रीती हळूहळू बदलणे, याला समुपदेशन म्हणतात. शब्दातच ‘उपदेश’ असल्याने घोटाळा होतो. समुपदेशक कोणाचे चुकले ते सांगेल, निदान नवऱ्याला चार शब्द सुनावेल, अशा अपेक्षेने लोक येतात. त्यात बारावीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांनाही ‘कौन्सेलिंग’च म्हणतात, त्यामुळे मुलाला कौन्सेलिंगला नेतोय म्हटले की शेजारी ‘कुठलं कॉलेज मिळालं?’ असे विचारतात. प्रत्यक्षात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकात मांडलेली भूमिका उपदेशाच्या उलट आहे : समोरच्याला न जोखता ऐकावे, वाट त्याची त्याला सापडू द्यावी. पुढे अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी विचारांच्या चुकीच्या वळणांवर थेट काम करणाऱ्या, म्हणजे विचार-वर्तन पद्धती विकसित केल्या. आजचे बहुतेक समुपदेशक दोन्हींचे मिश्रण वापरतात.

कोल्हापुरात मनाचे दुखणे सहसा शरीराच्या भाषेत सांगितले जाते. ‘छातीत धडधडतंय’, ‘डोकं जड झालंय’, ‘झोपच लागंना’. मग फॅमिली डॉक्टर, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, सगळे नॉर्मल. कुणी मध्येच देवऋषाकडेही जाऊन येते. शारीरिक तपासणी आधी करणे चुकीचे नाही, कारण थायरॉइडच्या बिघाडातही अशीच धडधड होते. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे ‘काही झालेलं नाही’, असा अर्थ घरात काढला जातो आणि तिथे गाडी अडते.

दुसरी अडचण शहराच्या स्वभावाची. पेठांतून माणूस नावापेक्षा घराण्यावरून, तालमीवरून आणि पै-पाहुण्यांवरून ओळखला जातो. ही ओळख संकटात हात देते, पण ‘डोक्याच्या डॉक्टर’च्या जिन्यावर कुणी पाहिले तर तीच नडते. म्हणून लोक दुचाकी दोन गल्ल्या सोडून लावतात, वेळ दुपारची मागतात, सांगलीला जातो म्हणतात. तालमीच्या मातीत वाढलेल्या पुरुषांना हे अधिक जड जाते. लाल मातीत पाठ टेकणे म्हणजे हार, आणि ‘मला झेपत नाही’ हे वाक्य त्यांना तसेच वाटते. गोपनीयता हा कायदेशीर हक्कही आहे : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८पासून) मानसिक आजाराविषयीची माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार देतो. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र ही गुप्तता सैल होते, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

कोणाकडे जायचे, याचाही गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र बरीच वर्षे कुणीही लावू शकत होते. म्हणून शिक्षण, अनुभव, फी आणि पद्धत यांविषयी आधी मोकळेपणाने विचारावे. त्यात संकोच नको आणि उद्धटपणाही नाही. खाजगी फी परवडत नसेल तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या सीपीआरमध्ये, केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. घराबाहेर न पडता बोलायचे असेल तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते.

पहिली बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि बऱ्याचदा निराश करते. समजा, शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीने काम करणारा तिशीतला माणूस आला आहे. तो दाराजवळची खुर्ची धरतो, हेल्मेट मांडीवर ठेवतो आणि ‘बायकोनं पाठवलंय’ म्हणतो. पुढची वीस मिनिटे झोप, जेवण, पाळ्या, कर्ज, दारू, घरातली माणसे यांवर प्रश्न होतात. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारले जाते. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. निघताना त्याच्या हाती गोळी नसते की तोडगा नसतो, असते फक्त पुढची तारीख आणि एक काम : आठवडाभर रोज चार ओळी लिहायच्या. काय घडले, मनात काय आले, अंगात काय झाले, मग आपण काय केले. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला त्या वहीत सुपरवायझरपेक्षा सावकाराच्या फोनच्या नोंदी जास्त दिसतात आणि खरे काम तिथून सुरू होते. अशा वेळी जो पहिल्या बैठकीनंतरच ‘नुसतं बोलून काय होतंय’ म्हणत थांबतो, त्याच्या हाती वहीही लागत नाही.

ताण पेलण्याच्या रीती प्रत्येकाकडे आधीपासूनच असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये त्यांचे दोन गट मांडले : प्रश्नावरच हात घालणाऱ्या आणि भावना सावरणाऱ्या. ऊसबिल लांबले असेल तर सोसायटीत जाऊन हप्त्याचे बोलणे हा पहिला प्रकार. आई गेली असेल तर तो उपयोगाचा नाही, तिथे रडणे, आठवणी सांगणे, भजनाला बसणे हेच काम करते. दोन्हींची अदलाबदल झाली की माणूस अडकतो. सावकाराचा फोन न उचलता कट्ट्यावर हसत बसले की तेवढ्यापुरते सुटल्यासारखे वाटते, व्याज मात्र चढतच राहते, आणि भीतीचेही तसेच असते. मावा, दारू, रात्री दोनपर्यंत मोबाइल हे याच वाणाचे.

म्हणून समुपदेशक जुनी रीत एकदम हिसकावत नाही. ती माणसाला काय देते ते आधी पाहतो. कट्टा तोडायचा नसतो, त्यातला एक मित्र खरे बोलण्यापुरता निवडायचा असतो. रंकाळ्याला फेरी मारणारा तिथेही कानात इअरफोन घालून तीच भांडणे घोळवत असेल, तर फेरी तशीच ठेवून तिचा वापर बदलता येतो : राजघाटाजवळ थांबून दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक अशी मनात मोजायची. पाण्याचा ओला वास आणि भेळेतला कांदा यांनी वासाची यादी तिथे लगेच भरते. या जोडीला संथ श्वास, उठण्याची ठरलेली वेळ, आणि मन नसतानाही एक छोटे काम उरकणे. शेवटची युक्ती उदासीनतेत विशेष चालते, कारण उत्साह कामाच्या आधी नव्हे, मागून येतो.

पुराचा उल्लेख इथे टाळता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर पाऊस लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाइलवर पुन्हापुन्हा बघणारी घरे आहेत. अशा प्रसंगानंतर लगेच लोकांना बसवून सगळे खोदून विचारणे हितकारक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शनात क्रम साधा आहे : बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या. कोरडे कपडे आणि हरवलेल्या माणसाची खबर हाही मानसिक उपचारच. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे शहरात जवळपास सगळ्यांना पाठ आहे. स्वतःची इशारा पातळी ठरवण्याची कल्पना त्यामुळे इथे समजावून सांगावी लागत नाही. दोन रात्री झोप नाही, जेवण टाळले, मुलांवर हात उगारला : हे ३९. त्या वेळी कोणाला फोन करायचा आणि काय टाळायचे, ते कागदावर आधीच लिहिलेले असते. मरणाचे विचार, भास, दिवसेंदिवस अन्न न जाणे हे ४३च्या वरचे. तिथे नुसत्या समुपदेशनावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे लागते.

विचार-वर्तन पद्धतीचे काम सहसा सहा ते वीस बैठकांत होते. पुढे अंतर आठवड्याचे पंधरवड्यावर, मग महिन्यावर जाते. पूरपट्ट्यातल्या माणसाची उजळणीची बैठक मेअखेर उरकून घेणे सोयीचे, कारण जूनमध्ये तो पुन्हा पातळी बघू लागतो.